जुनी ब्रिटिश मोटरसायकल लिलावात घेताना: नवख्यांसाठी पहिले धडे

कॉव्हेंट्रीहून मेरिडनकडे जाताना घरांची एक साधी वसाहत लागते. पाट्या वाचल्या की पाय थबकतात: बॉनव्हिल क्लोज, डेटोना ड्राइव्ह. ट्रायम्फ मोटरसायकलचा कारखाना इथे होता, आणि ही तिच्या गाड्यांची नावं. 1940 च्या नोव्हेंबरात कॉव्हेंट्रीवर बॉम्ब पडले, शहरातला जुना कारखाना बेचिराख झाला, मग मेरिडनला नवा उभा राहिला. 1983 मध्ये तोही बंद पडला. कारखाना गेला, गाड्या मात्र जगभर उरल्या, आणि आज त्यातल्या बऱ्याच लिलावाच्या मंडपात हात बदलतात.

इंग्लंडात राहणारे आपले कितीतरी लोक या गाड्यांच्या प्रेमात असतात. कारण उघड आहे. आपण बुलेटच्या आवाजावर वाढलो, आणि बुलेट मुळात रेडिचची; 1955 पासून ती मद्रासला बनू लागली. नोकरीनिमित्त इथे आलं, हातात चार पैसे खेळू लागले, की एखाद्या शनिवारी लिलावाला जावंसं वाटतं. जरूर जा. पण पूर्वतयारी न करता हात वर केलात तर ते हात दाखवून अवलक्षण ठरेल. माझ्या बाबतीत तसं झालं होतं, ते पुढे सांगतोच.

कुठली गाडी, आणि कशासाठी

गाडी चालवायची आहे, जमवायची आहे, की पैसे गुंतवायचे आहेत, हे आधी ठरवा. केवळ गुंतवणूक डोक्यात असेल तर या वाटेला जाऊ नका असं मी स्पष्ट सांगेन. ज्यांनी तरुणपणी या गाड्या पळवल्या ती पिढी आता थकली आहे, तिच्या गॅरेजमधल्या गाड्या बाजारात येताहेत, आणि भाव नेहमी चढतातच असं नाही.

या बाजारात पायऱ्या आहेत. तळाशी बीएसए बँटमसारख्या छोट्या गाड्या. मधे ट्रायम्फ बॉनव्हिल, नॉर्टन कमांडो, बीएसए गोल्ड स्टार. यांचा हिशोब हजारो पौंडांत होतो. त्याच्या वर स्टीव्हनेजची व्हिन्सेंट, आणि सगळ्यात वर नॉटिंगहॅमची ब्रफ सुपीरियर. जॉर्ज ब्रफनं 1919 ते 1940 या काळात सुमारे तीन हजार गाड्या बनवल्या. 'एसएस 100' देताना ती ताशी 100 मैल पळेल याची हमी असायची. अरबस्तानच्या लढाईमुळे गाजलेल्या टी. ई. लॉरेन्सकडे एकामागून एक सात ब्रफ होत्या. 1935 मध्ये सातवीवरच त्याला अपघात झाला आणि त्यात तो गेला. 2014 मध्ये स्टॅफर्डला बोनहॅम्सच्या लिलावात 1929 ची एक एसएस 100 3,15,100 पौंडांना गेली. 2018 मध्ये लास वेगासला व्हिन्सेंट ब्लॅक लाइटनिंगला 9,29,000 डॉलर मिळाले. हे आकडे ऐकून घ्यायचे आणि विसरायचे. बातमी याच गाड्यांची होते, म्हणून शेडमधली प्रत्येक गंजकी गाडी म्हणजे खजिना असं लोकांना वाटू लागतं.

पहिल्या खरेदीसाठी मी 650 सीसीची ट्रायम्फ किंवा कमांडो सुचवतो. सुटे भाग आजही मिळतात, क्लब जागते आहेत, आणि एखादा बोल्ट तुटला म्हणून गाडी वर्षभर उभी राहत नाही. या काळातल्या बहुतेक ब्रिटिश गाड्यांचा गियर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला असतो. जुनी बुलेट चालवलेल्या माणसाला त्यात नवं काही नाही. बाकीच्यांनी आधी मोकळ्या मैदानात सराव करावा.

लिलावाआधीचा महिना

बोनहॅम्सचे मोठे मोटरसायकल लिलाव स्टॅफर्डशायर काउंटी शोग्राउंडवर एप्रिल आणि ऑक्टोबरच्या प्रदर्शनांच्या वेळी भरतात. एच अँड एच क्लासिक्सचे लिलाव सॉलिहलजवळच्या नॅशनल मोटरसायकल म्युझियममध्ये होतात. या संग्रहालयात लिलाव नसतानाही एक अख्खा दिवस घालवा. 2003 च्या आगीत तिथल्या शेकडो गाड्या जळाल्या होत्या, त्यातल्या बऱ्याच पुन्हा उभ्या केल्या. तुम्हाला हव्या त्या मॉडेलसमोर अर्धा तास उभे राहा: टाकीचा रंग कुठे संपतो, बोल्टचं डोकं कसं आहे, मडगार्डचे आधार कुठे जोडलेत, हे डोळ्यांत भरून घ्या. डोळे तयार झाले की पुढे चुकीचा भाग आपोआप खुपतो.

पहिल्या लिलावाला पैसे न घेता जा. नुसतं बसा, कॅटलॉगमध्ये प्रत्येक लॉटपुढे, म्हणजे विक्रीला ठेवलेल्या प्रत्येक गाडीपुढे, भाव लिहीत राहा. ही शिकवणी फुकट मिळते.

मग कॅटलॉगची भाषा शिकून घ्या. लिहिणारे लोक खोटं लिहीत नाहीत, पण शब्द तोलूनमापून वापरतात. 'विक्रेत्याच्या म्हणण्यानुसार' असं आलं की समजावं, ती गोष्ट लिलाव कंपनीनं तपासलेली नाही. 'बरीच वर्षं उभी, पुन्हा चालू करण्यासाठी काम लागेल' याचा अर्थ इंजिन फिरतं की जाम आहे हे तुम्ही स्वतः पाहायचं. 'नोंदणीची कागदपत्रं नाहीत' ही तीन शब्दांची ओळ अनेक महिन्यांच्या धावपळीची सूचना असू शकते.

नंबर

इथे मी रेंगाळणार आहे, कारण निम्मी किंमत इथेच ठरते.

माझी पहिली खरेदी होती 1967 ची बॉनव्हिल. गाडी आरशासारखी चकाकत होती, दोन कार्बोरेटर, सुरेख रंग. घरी आणली, क्लबमधल्या एका जुन्या सभासदानं गुडघे टेकून इंजिनाच्या डाव्या बाजूला, सिलिंडरच्या बुडाशी टॉर्च मारली आणि मला खाली बोलावलं. तिथे क्रँककेसवर, म्हणजे इंजिनाच्या खालच्या कवचावर, एक छोटा उंचवटा असतो, नंबर त्यावर पंच केलेला असतो. माझ्या गाडीत तो उंचवटा शेजारच्या धातूपेक्षा गुळगुळीत होता; कानशीचे बारीक समांतर ओरखडे दिसत होते. मॉडेलची अक्षरं खोल आणि तीक्ष्ण होती, पुढचे आकडे मात्र झिजलेले. कारखान्याच्या नोंदवहीवरून दाखला मागवला. त्या नंबराची गाडी मेरिडनमधून टीआर 6 ट्रॉफी म्हणून बाहेर पडली होती, म्हणजे एका कार्बोरेटरची. कोणीतरी दोन कार्बोरेटरचं हेड बसवून नावही बदललं होतं. दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं. गाडी चालायला उत्तम होती, पण मी बॉनव्हिलचे पैसे मोजले होते. हा दाखला बोली लावण्याआधी मागवता आला असता, ही गोष्ट मला आजही सलते.

आता तपासायचं कसं? 'मॅचिंग नंबर' हा शब्द सगळे वापरतात, पण त्याचा अर्थ प्रत्येक कारखान्यागणिक वेगळा आहे.

मेरिडनच्या 650 ट्रायम्फला इंजिनावरचा आणि फ्रेमवरचा नंबर एकच हवा. फ्रेमचा नंबर डाव्या बाजूला, हँडलच्या मानेपाशी पाहा. 1969 च्या सुमारास कारखान्यानं नंबराच्या जागेवर ट्रायम्फच्या बारीक बोधचिन्हांची नक्षी उमटवायला सुरुवात केली, म्हणजे कोणी नंबर घासला तर नक्षीही जाईल. त्याच सुमारास नंबराआधी दोन अक्षरं आली, पहिलं महिन्याचं, दुसरं हंगामाचं. 'एनडी' म्हणजे 1970 च्या हंगामातला ऑक्टोबर, अर्थात 1969 चा ऑक्टोबर, कारण नवा हंगाम ऑगस्टमध्येच सुरू व्हायचा. हे ठाऊक नसेल तर बरोबर असलेली तारीख चूक वाटते. त्याआधीच्या गाड्यांचे आकडे हातानं ठोकलेले असत. ते जरा वाकडेतिकडे असतील तर घाबरू नका; एका रेषेत, छापल्यासारखे दिसले तर मात्र शंका घ्या.

बीएसएचं उलटं. 1960 च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत तिथे इंजिन आणि फ्रेम यांचे नंबर वेगवेगळ्या मालिकांतले होते. ते सारखे नाहीत म्हणून चांगली गाडी सोडून देणारे नवखे मी पाहिलेत. इथे दोन्ही नंबर एकाच गाडीचे आहेत का, हे कारखान्याच्या नोंदवहीत पाहावं लागतं. गोल्ड स्टारच्या बाबतीत तर ते केल्याशिवाय एक पौंडही लावू नका. साध्या बी 31 किंवा बी 33 च्या फ्रेममध्ये गोल्ड स्टारचं इंजिन घालून उभ्या केलेल्या गाड्या भरपूर आहेत. इंजिनाचा नंबर 'डीबीडी 34' नं सुरू होत असेल तर फ्रेमचा नंबर 'सीबी 32' नं सुरू व्हायला हवा. आणखी एक खूण आहे, ती मला फार आवडते: गाडीच्या उजव्या बाजूला बसा, खाली वाका, इंजिनाखालून जाणारी फ्रेमची नळी पाहा. खऱ्या गोल्ड स्टारमध्ये ऑइल पंपाला जागा द्यायला तिथे नळीला बाक दिलेला असतो.

व्हिन्सेंटच्या युद्धोत्तर व्ही-ट्विनमध्ये, म्हणजे 'व्ही' आकारात दोन सिलिंडर असलेल्या गाड्यांमध्ये, हिशोब गणिताचा. फ्रेमचा नंबर इंजिनाच्या नंबरापेक्षा बरोबर 1900 नं जास्त असतो. शिवाय वरची फ्रेम आणि मागची फ्रेम यांचा नंबर एकच, आणि क्रँककेसच्या दोन्ही अर्ध्यांवर एकमेकांशी जुळणारा जोडनंबर. रॅपिड मॉडेलच्या इंजिनावर 'एफ10एबी/1', ब्लॅक शॅडो मॉडेलच्या इंजिनावर 'एफ10एबी/1बी'. त्या एका 'बी'साठी माणसं हजारो पौंड जास्त देतात, म्हणून तो 'बी' नंतर ठोकलेला नाही ना, हे आधी पाहायचं.

लष्करी गाड्यांना वेगळा न्याय लावा. बीएसए एम 20 दुसऱ्या महायुद्धात सव्वा लाखाच्या आसपास बनली. लष्कराच्या वर्कशॉपमध्ये इंजिनं अशीच उतरवून दुसऱ्या गाडीत चढवली जात. तिथे नंबर न जुळणं हा तिच्या आयुष्याचा भाग आहे. लबाडी म्हणून त्याकडे पाहू नका.

दाखले मिळतात कुठे? 1946 मध्ये स्थापन झालेल्या व्हिंटेज मोटरसायकल क्लबकडे अनेक कारखान्यांच्या नोंदवह्या आहेत. व्हिन्सेंट, गोल्ड स्टार, नॉर्टन यांचे मालक-क्लबही तपासून देतात. कॅटलॉग येताच दोन्ही नंबर पाठवा, कारण उत्तर यायला दिवस लागतात.

कागद

आताचं नोंदणीपत्र म्हणजे व्ही5सी. त्यावरचे नंबर गाडीवरच्या नंबरांशी अक्षर न् अक्षर जुळवा. जुनं पिवळट लॉगबुक सोबत असेल तर ते सोन्यासारखं: मालकांची साखळी आणि डाकघराचे शिक्के त्यात असतात. गाडीचा मूळ नोंदणी क्रमांक टिकला आहे का, हेही पाहा. 1983 च्या नोव्हेंबर अखेरपर्यंत स्वॉन्झीतल्या वाहन नोंदणी कार्यालयाच्या संगणकावर न चढवलेले क्रमांक बाद झाले. पुरावा असेल तर ते परत मागता येतात. त्या काळाचा, पण नंतर दिलेला क्रमांक असेल तर गाडी खोटी ठरत नाही, फक्त गोष्टीतलं एक पान गळालेलं असतं.

हात, टॉर्च आणि लोहचुंबक

पाहणीच्या दिवशी लवकर पोचा. खिशात टॉर्च, फडक्यात गुंडाळलेलं छोटं लोहचुंबक, आणि जुने कपडे, कारण जमिनीवर झोपावं लागतं.

किक मारायची परवानगी बहुधा नसते, पण विनंती केली तर इंजिन हळूच फिरवून दाखवतात. ते फिरतंय आणि विरोध जाणवतोय, एवढं कळलं तरी पुष्कळ. क्रँककेसवर वेल्डिंगची पट्टी शोधा. कनेक्टिंग रॉड तुटून बाहेर आल्याची ती खूण असते. सिलिंडर गार ठेवणाऱ्या पंखांच्या कडा तुटल्यात का बघा. टाकीवर चुंबक फिरवा. लोखंडी टाकीवर जिथे ते चिकटत नाही तिथे लांबी (पुट्टी) भरलेली आहे. टाकीचं झाकण उघडून वास घ्या, आत टॉर्च मारा. आतून लेप दिलेला असेल तर विचारा कधी दिला: ब्रिटनमध्ये 2021 पासून आलेलं जास्त इथेनॉलचं पेट्रोल काही जुने लेप आणि फायबरग्लासच्या टाक्या खातं. बोल्टांच्या डोक्यांचे कोपरे गोल झाले असतील तर चुकीच्या पान्यांनी काम झालंय. यातल्या बहुतेक गाड्यांना व्हिटवर्थ या जुन्या ब्रिटिश मापाचे पाने लागतात, आणि ज्यानं ते घ्यायचे कष्ट घेतले नाहीत त्यानं आत काय केलं असेल याचा अंदाज येतो.

इंजिनाखाली चार थेंब तेल दिसलं म्हणून पाठ फिरवू नका. अगदी कोरडं, नुकतं धुतलेलं इंजिन मला जास्त विचारात पाडतं.

आणि चकाकीपेक्षा अस्सल जुनेपणाला मान द्या. कारखान्याचा फिका रंग, मूळ सीट, झिजलेले रबर असलेली गाडी एकदा उकलून रंगवली की तो रंग परत आणता येत नाही. जाणकार खरेदीदार अशा गाडीला ताज्या रंगाच्या गाडीपेक्षा जास्त भाव देतात, आणि माझ्या मते ते योग्यच आहे.

किंमत कशी बांधायची

त्याच मॉडेलचे, त्याच अवस्थेतले आधीचे निकाल लिलाव कंपन्यांच्या संकेतस्थळांवर शोधा. पाच-सहा तरी हवेत. एक गोम लक्षात ठेवा: कॅटलॉगमधली अंदाजे किंमत हातोड्याची, म्हणजे शेवटच्या बोलीची असते, तर जाहीर होणारे निकाल बहुतेकदा प्रीमियम, म्हणजे लिलाव कंपनी खरेदीदाराकडून वर घेते ती रक्कम, धरून असतात. दोन्ही एकाच तागडीत टाकले की गणित चुकतं.

हातोडा पडतो त्या रकमेवर बायर्स प्रीमियम लागतो आणि त्या प्रीमियमवर 20 टक्के व्हॅट. दर प्रत्येक घराचा वेगळा, अटींमध्ये वाचा. समजा तो 15 टक्के आहे; व्हॅट धरून 18 झाला. तुमच्याकडे सगळे मिळून 10,000 पौंड आहेत. टायर, बॅटरी, ठिणगी देणाऱ्या मॅग्नेटोची दुरुस्ती, कार्बोरेटरची सफाई यांसाठी 1,200 बाजूला काढा, वाहतुकीला 200. उरले 8,600. त्याला 1.18 नं भागा, सुमारे 7,290 येतात. म्हणजे तुमची शेवटची बोली 7,200. लॉटच्या नंबरापुढे खूण असेल तर तिचा अर्थही पाहा: परदेशातून आणलेल्या जुन्या गाडीवर हातोड्याच्या रकमेवर 5 टक्के आयात व्हॅट चढू शकतो, काही लॉटवर पूर्ण 20 टक्के.

पूर्ण मोडकी गाडी स्वस्त दिसते म्हणून घेण्याआधी क्रोमिंग, रंग आणि इंजिनाचं काम यांचे भाव विचारून या. साध्या मॉडेलच्या बाबतीत तो खर्च तयार गाडीच्या किमतीपलीकडे जातो. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. ज्याला स्वतः काम करायचा आनंद हवा आहे त्यानं ती खुशाल घ्यावी, पण नफ्याच्या आशेनं नको.

बोलीचा दिवस

पासपोर्ट आणि पत्त्याचा पुरावा देऊन आदल्या दिवशीच नाव नोंदवा. तुमचा आकडा कॅटलॉगवर शाईनं लिहा आणि शक्य असेल तर सोबत घरचं माणूस न्या. माझी बायको शेजारी बसते, आणि आकडा आला की माझ्या हातातलं पॅडल, म्हणजे बोलीसाठी वर करायची नंबराची पाटी, काढून घेते. याहून चांगली व्यवस्था मला सापडलेली नाही.

सुरुवातीच्या बोल्या खऱ्या माणसांच्या असतीलच असं नाही. राखीव किंमत, म्हणजे विक्रेत्यानं ठरवलेली किमान किंमत, गाठेपर्यंत लिलाव करणारा विक्रेत्याच्या वतीनं बोली वाढवू शकतो, आणि अटींमध्ये तसं लिहिलेलं असतं. म्हणून पहिल्या मिनिटात हात वर करायची घाई नको. गाडी राखीव किमतीखाली थांबून परत गेली तर लगेच काउंटरवर जा. विक्रेता तयार असेल तर त्याच दिवशी सौदा होतो, आणि माझ्या दोन चांगल्या गाड्या अशाच आल्यात.

हातोडा पडल्यावर

हातोडा पडला की करार झाला. 'आहे तशी' विकलेली गाडी मन बदललं म्हणून परत देता येत नाही. पैसे बँकेतून भरा, आणि न्यायची मुदत पाहा. ती उलटली की साठवणुकीचं भाडं सुरू होतं. विमा कंपनीशी आधी ठरवून घेतलेल्या किमतीचा घ्या. चाळीस वर्षांवरच्या गाडीला रस्ताकर माफ आहे आणि 2018 पासून, तिच्यात मोठे फेरफार केलेले नसतील तर, वार्षिक तपासणीही सक्तीची नाही. तरी मी दर वर्षी करून घेतो. ब्रेक धरतात की नाही हे रस्त्यावर कळण्यापेक्षा तिथे कळलेलं बरं.

गाडी भारतात न्यायचा विचार असेल तर आयातीचे नियम आणि शुल्क यांची लेखी माहिती कस्टम्सचं काम करणाऱ्या एजंटकडून बोली लावण्याआधी घ्या. तिथे 2021 पासून 50 वर्षांवरच्या मूळ स्वरूपातल्या गाड्यांसाठी वेगळी 'व्हीए' मालिका आहे. नव्या नोंदणीचं शुल्क 20,000 रुपये, आणि अशी गाडी रोज कामावर न्यायला परवानगी नाही.

गाडी घरी आली की त्याच संध्याकाळी किक मारू नका. फार दिवस उभ्या गाडीत ऑइलच्या टाकीतलं ऑइल पंपातून झिरपून इंजिनाच्या तळाशी साचलेलं असतं. आधी इंजिनाखालचा प्लग काढा, ते ओतून द्या, प्लग परत बसवा आणि ऑइलच्या टाकीत नवं ऑइल भरा. स्पार्क प्लग बाहेर काढून पाच-सहा वेळा हळू किक द्या. मग स्पार्क प्लग बसवून इंजिन चालू करा आणि लगेच ऑइलच्या टाकीचं झाकण उघडून आत बघा. परतीच्या नळीतून ऑइल फुटक्या फुटक्या धारेनं पडताना दिसलं पाहिजे. अर्ध्या मिनिटात ते दिसलं नाही तर इंजिन बंद करा.